लंडन मॅरेथॉनच्या विजेत्यांची यादी वाचताना: व्हीलचेअरचे रकाने, वेळा आणि पुण्यातला एक मुलगा

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. लंडन मॅरेथॉनच्या आजवरच्या विजेत्यांची यादी चाळताना तुम्हाला दिसलं की धावणाऱ्या विजेत्याला दोन तासांच्या वर लागतात आणि व्हीलचेअरचा विजेता दीड तासाच्या आत पोचतो. मग व्हीलचेअरची मॅरेथॉन सोपी असते का, हा पहिला. सुरुवातीच्या दोन वर्षांत व्हीलचेअरचा रकाना रिकामा का, हा दुसरा. आणि स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळण्याचा दोष) असलेल्या तुमच्या सोळा वर्षांच्या भाच्याला ही रेसिंग करायची आहे, तर पुण्यात सुरुवात कुठून करावी, हा तिसरा. मी इथे पॅरा-अ‍ॅथलेटिक्सचं प्रशिक्षण देतो आणि रस्त्यावरच्या शर्यतींना तांत्रिक पंच म्हणून उभा राहतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन्हींत बरंचसं दडलेलं आहे, म्हणून क्रमानेच जाऊ.

यादीतली दोन सालं शेजारी ठेवा. १९८३ मध्ये लंडनला माइक ग्रॅटन २:०९:४३ मध्ये धावून जिंकला. त्याच दिवशी पहिल्यांदाच झालेल्या व्हीलचेअर शर्यतीत गॉर्डन पेरीला ३:२०:०७ लागले, म्हणजे धावणाऱ्यापेक्षा एक तास दहा मिनिटं जास्त. आता २०२३ बघा. धावण्यात केल्विन किप्टम २:०१:२५, व्हीलचेअरमध्ये मार्सेल ह्यूग १:२३:४८. चाळीस वर्षांत धावणारा सुमारे सव्वाआठ मिनिटांनी सुधारला, तर व्हीलचेअरवाला जवळजवळ दोन तासांनी. धावण्याचा आणि चाकांचा फरक नुसता निसर्गाने ठरवलेला असता तर तो १९८३ लाही दिसला असता. तेव्हा तो उलटा होता. लंडनमध्ये हे चित्र पालटलं १९८७ साली: वेल्सच्या ख्रिस हॅलमने २:०८:३४ ची वेळ दिली, धावण्यात जिंकलेल्या हिरोमी तानिगुचीला २:०९:५० लागले. तिथून पुढे पुरुषांत धावणाऱ्यांना व्हीलचेअरचा रकाना पुन्हा गाठता आलेला नाही.

मधल्या काळात काय झालं? आधी खुर्ची बदलली. सुरुवातीच्या वर्षांत लोक रोजच्या वापरातल्या खुर्च्यांच्या जवळपासच्याच, चार चाकांच्या खुर्च्या ढकलत होते. ऐंशीच्या दशकात चाकं तीन झाली. मागची दोन मोठी, खाली बाहेरच्या बाजूला कललेली, आणि पुढे लांब दांड्यावर एक लहान. बसायची पद्धत बदलली; ज्यांना जमतं ते आता गुडघे दुमडून, छाती मांड्यांवर टेकवून ढकलतात. हात मारायची कडी, म्हणजे पुशरिम, चाकापेक्षा बरीच लहान झाली. ही कडी मुठीत धरायची नसते; कडक हातमोजा घालून तिच्यावर वरून ठोसा मारायचा आणि हात खालपर्यंत नेऊन सोडून द्यायचा. गिअर नाही, साखळी नाही, तरफ नाही. जी ताकद लागते ती खांद्यांतून आणि धडातूनच येते.

खुर्चीइतकंच महत्त्व कोण शर्यतीला आलं याला आहे, आणि यादी वरवर वाचणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. १९८९ ला लंडनच्या व्हीलचेअर विजेतीला तीन तासांच्या वर लागले होते. १९९० ला डेन्मार्कची कॉनी हॅन्सन आली आणि २:१०:२५ मध्ये जिंकून गेली. एका वर्षात पन्नासेक मिनिटं कमी होण्याइतकी कोणती खुर्ची सुधारते? जागतिक दर्जाची खेळाडू स्टार्टलाइनवर उभी राहिली, एवढंच झालं.

रिकाम्या रकान्याचं उत्तर सरळ आहे: शर्यतच ठेवलेली नव्हती. लंडन मॅरेथॉन १९८१ च्या मार्चमध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी पावसात डिक बेअर्डस्ली आणि इंगे सिमनसेन यांनी हातात हात घालून २:११:४८ मध्ये रेषा ओलांडली, त्यामुळे यादीच्या पहिल्याच ओळीत दोन नावं आहेत. महिलांत ४३ वर्षांची जॉइस स्मिथ २:२९:५७ मध्ये जिंकली. व्हीलचेअरला जागा मिळाली ती तिसऱ्या वर्षी. अमेरिकेत बोस्टनमध्ये हे आठ वर्षं आधी घडलं होतं आणि तेही एका अटीवर. १९७५ मध्ये बॉब हॉलने भाग घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा संचालक विल क्लोनी यांनी सांगितलं की तीन तासांच्या आत आलास तर पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र देऊ. तो २ तास ५८ मिनिटांत आला. त्याच बोस्टनने महिलांना अधिकृत प्रवेश दिला होता १९७२ मध्ये, शर्यत सुरू झाल्याला पंचाहत्तर वर्षं उलटल्यावर. म्हणून कुठल्याही मॅरेथॉनची जुनी यादी हातात आली की मी आधी रकाने कोणत्या साली सुरू होतात ते पाहतो, नावं त्यानंतर.

आता "सोपी असते का" याविषयी. २०२३ ला ह्यूगचा सरासरी वेग ताशी ३० किलोमीटरच्या थोडा वर येतो, किप्टमचा ताशी २१ च्या थोडा आत. चाक एकदा फिरलं की थोडा वेळ आपोआप फिरतं, धावणाऱ्याला मात्र प्रत्येक पावलाला अंग उचलावं लागतं. सपाटीवर आणि उतारावर चाकाचा फायदा प्रचंड आहे. मोठ्या शर्यतींत उतारावर ताशी ५० च्या वर वेग जातो आणि तिथे हेल्मेट हौसेखातर घातलेलं नसतं. चढावर मात्र सगळा हिशेब चुकता होतो. पाय, मांड्या, नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू बाजूला ठेवून दंड-खांद्यांच्या लहान स्नायूंनी माणूस आणि खुर्ची वर न्यायची असते. एक ठोसा चुकला की वेग मेलाच. शिवाय वारा. वेग दीडपट झाला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. त्यामुळे दुसऱ्याच्या मागे चिकटून राहणं, ज्याला आम्ही ड्राफ्टिंग म्हणतो, यावर व्हीलचेअरची शर्यत सायकलच्या शर्यतीसारखी चालते. पुढे कोण राहणार, कुणी किती वेळ वारा खायचा, कुणी आयता बसून राहिला तर त्याला कसं झटकायचं, हे सगळं त्या दीड तासात चाललेलं असतं. तेव्हा सोपी नाही. वेगळी आहे. दोन रकान्यांतल्या वेळांची आपसात तुलना करणं म्हणजे शंभर मीटर धावणं आणि शंभर मीटर पोहणं यांचा निकाल एकाच फळ्यावर लावणं.

आणि माझं खरं म्हणणं याच्याही पुढचं आहे. व्हीलचेअरच्या एकाच रकान्यातल्या दोन वर्षांच्या वेळासुद्धा शेजारी ठेवू नयेत, ठेवल्याच तर फार जपून. १९९८ ला स्वित्झर्लंडचा हाइन्झ फ्रे लंडनला १ तास ३५ मिनिटांच्या घरात जिंकला. अठरा वर्षांनी, २०१६ ला, त्याच देशाचा ह्यूग जिंकला तोही १ तास ३५ मिनिटांच्याच घरात. मधल्या काळात खुर्च्या सुधारल्या, मोजे सुधारले, सराव सुधारला, मग वेळ का हलली नाही? कारण २०१६ ला आघाडीचे लोक एकमेकांवर नजर ठेवून एकत्र आले आणि निकाल द मॉल या शर्यत संपते त्या रस्त्यावरच्या शेवटच्या स्प्रिंटने लागला. जिंकायचं असताना पुढे राहून वारा खायचा मूर्खपणा कोण करेल? महिलांत हेच आणखी ठळक दिसतं. स्वीडनची मोनिका वेटरस्ट्रॉम १९९७ ला १:४९:०९ मध्ये जिंकली. त्यानंतर टॅनी ग्रे-थॉम्प्सन १९९८, २००१ आणि २००२ असं तीनदा जिंकली, प्रत्येक वेळी दोन तासांच्या वर. म्हणून टॅनी कमी दर्जाची ठरते का? तिचे लंडनचे एकूण विजय सहा आहेत, पॅरालिम्पिकची सुवर्णपदकं अकरा. त्या वर्षी त्या रस्त्यावर तिला जेवढं लागलं तेवढं तिने केलं.

रस्ताही दर वर्षी तोच असतो असं समजू नका. २०२० ला कोविडमुळे लंडनची शर्यत ऑक्टोबरात, सेंट जेम्स पार्कभोवती फेऱ्या मारत, फक्त निवडक खेळाडूंसाठी झाली. थंडी आणि पाऊस. त्या वर्षीचा व्हीलचेअर विजेता कॅनडाचा ब्रेंट लकाटोस, वेळ १:३६:०४. हा मूळचा ट्रॅकवरचा, कमी अंतराचा राजा. ओल्या रस्त्यावर मोजा कडीवरून घसरतो आणि वळणं जितकी जास्त तितका वेग पुन्हा पुन्हा कमावावा लागतो. ज्याच्याकडे झटकन वेग घेण्याची ताकद आहे, त्याला असा रस्ता मानवतो. बोस्टनच्या वेळा पाहिल्यात तर आणखी गोंधळ होईल. तिथे ह्यूगने २०२४ ला १:१५:३३ दिली, पण बोस्टनचा मार्ग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आणि एकूण उताराचा, त्यामुळे ती विश्वविक्रमात धरत नाहीत. त्याचा विश्वविक्रम आहे जपानमधल्या ओइताचा, २०२१ चा, १:१७:४७. त्याआधीचा विक्रम फ्रेचा होता, तोही ओइताचाच, १९९९ चा, आणि तो बावीस वर्षं टिकला.

मग यादीत बघायचं काय? सलगता आणि पुनरागमन. डेव्हिड वेअर लंडनला आठ वेळा जिंकला: पहिल्यांदा २००२, शेवटचं २०१८. पहिल्या आणि शेवटच्या विजयात सोळा वर्षं. मधल्या २०१२ च्या पॅरालिम्पिकमध्ये, लंडनमध्येच, त्याने ८००, १५००, ५००० मीटर आणि मॅरेथॉन अशी चार सुवर्णं घेतली. आठशे मीटर आणि बेचाळीस किलोमीटर एकाच माणसाने एकाच स्पर्धेत जिंकणं धावण्यात आज कल्पनेतही बसत नाही. व्हीलचेअरमध्ये बसतं, कारण शेवटी निकाल स्प्रिंटवर लागतो आणि वेअरचा स्प्रिंट जबरदस्त होता. ह्यूग २०१४ आणि २०१६ ला जिंकला, मग २०२१ ते २०२५ ओळीने पाच वेळा. त्याची तऱ्हा वेगळी. तो स्प्रिंटपर्यंत थांबतच नाही, जमेल तिथे एकटा सुटतो. म्हणून वेअरच्या विजयांच्या वेळा साधारण दिसतात आणि ह्यूगच्या अलीकडच्या वेळा भन्नाट. अमेरिकेची तत्याना मॅकफॅडन २०१३ ते २०१६ चार वर्षं लंडनची विजेती. २०१३ ला तर तिने बोस्टन, लंडन, शिकागो आणि न्यूयॉर्क या चारही जिंकल्या. माझ्या मते मॅरेथॉनच्या कुठल्याही रकान्यातलं ते सगळ्यात मोठं वर्ष आहे, पण आपल्याकडे ते नाव किती जणांना ठाऊक असतं ते विचारून पाहा. आणि २०२५ ला कॅथरीन डेब्रुनरने १:३४:१८ दिली. तिचा स्वतःचा विश्वविक्रम १:३४:१६ आहे. मागेपुढे कुणी नसताना, विश्वविक्रमापेक्षा फक्त दोन सेकंद जास्त. इथे मात्र वेळ बघून टोपी काढायला हरकत नाही.

धावण्याच्या रकान्यांबद्दल थोडक्यात. पुरुषांत एलिउड किपचोगे चार वेळा (२०१५, २०१६, २०१८, २०१९), महिलांत नॉर्वेची इंग्रिड क्रिस्टियान्सन चार वेळा (१९८४, १९८५, १९८७, १९८८). पॉला रॅडक्लिफची २००३ ची २:१५:२५ ही वेळ पुरुष पेसमेकर (ठरलेला वेग राखून देणारे धावपटू) सोबत असताना झाली. टिग्स्ट असेफाची २०२५ ची २:१५:५० फक्त महिलांच्या शर्यतीत. दोन्ही एकाच रकान्यात छापलेल्या आहेत, पण विक्रमाच्या वहीत त्यांची पानं वेगळी.

बक्षिसाचा रकाना कुठे मिळाला तर तोही बघा. २०२४ पासून लंडनने व्हीलचेअर आणि धावणाऱ्या विजेत्यांना समान रक्कम द्यायला सुरुवात केली, प्रत्येकी ५५ हजार डॉलर. रकाना १९८३ ला मिळाला, बरोबरीचे पैसे एक्केचाळीस वर्षांनी.

आता पुणे. योगायोग असा की पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनही १९८३ चीच. आपल्याकडे शहराच्या शर्यतींत व्हीलचेअरचा गट असतो, पण अंतर थोडं, खुर्च्या बहुतेक रोजच्या वापराच्या. पूर्ण अंतर का नाही, असं लोक विचारतात. गतिरोधक, पेव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणं आणि दुभाजकाला वळसा घालून मारलेले यू-टर्न असलेल्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने तीन चाकं सोडायला मी पंच म्हणून सही करणार नाही. त्यापेक्षा पाच किलोमीटरचा चांगला, पूर्ण बंद केलेला रस्ता द्या, व्हीलचेअरवाल्यांना धावणाऱ्यांच्या आधी सोडा आणि नीट वेळ घ्या. या शेवटच्या गोष्टीचा मला फार राग आहे. एका शर्यतीत व्हीलचेअरच्या मुलांना टोप्या, झेंडे, फोटो, पाहुण्यांची भाषणं, सगळं मिळालं. निकालपत्रकात मात्र नुसती नावं होती, वेळ कुणी घेतलीच नव्हती. नियम तर स्पष्ट आहे की पुढच्या चाकाच्या आसाचा मध्य रेषेवर आला की तो क्षण धरायचा. दोन स्टॉपवॉच आणि एक सावध माणूस पुरतो. वेळ लिहिली नाही तर पुढच्या वर्षी तो मुलगा कशाशी स्पर्धा करणार?

तरी पुणं या बाबतीत कोरं नाही. खडकीला जखमी जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण १९७२ ला हायडलबर्गमध्ये जलतरणात मिळवणारे मुरलीकांत पेटकर पुण्यातच राहिले, इथल्याच कारखान्यात त्यांनी नोकरी केली. सारसबागेजवळचं सणस मैदान आणि बालेवाडी इथे सिंथेटिक ट्रॅक आहेत.

तुमच्या भाच्याबद्दल. ग्रे-थॉम्प्सन, ह्यूग आणि मॅकफॅडन या तिघांनाही जन्मापासून स्पायना बायफिडा आहे. हे त्याला सांगा, पण लगेच रेसिंग खुर्ची घेऊन देऊ नका. ती अंगाच्या मापाने बनते, किंमत लाखांत जाते आणि सोळाव्या वर्षी अंग अजून भरतं आहे. पहिले काही महिने रोजच्या खुर्चीवर, सपाट जागी ढकलण्याचा सराव, आणि त्याच्या दुप्पट मागे ओढण्याचे व्यायाम. ढकलून ढकलून छाती आणि खांद्याचा पुढचा भाग आवळतो, पाठ कमजोर राहते आणि मग खांदा दुखायला लागतो. हा खांदा त्याला खुर्चीतून पलंगावर जायलाही आयुष्यभर लागणार आहे. त्यानंतर कुणाची तरी जुनी, मापाला जवळची खुर्ची मिळवून ट्रॅकवर जा. मुलाला खरंच गोडी आहे की नाही ते तिथे महिन्याभरात कळतं.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराच. डोक्यात शंट, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी, बसवलेला असेल तर मान खाली घालून, छाती दाबून बसणं चालेल का. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे का. स्पायना बायफिडाच्या मुलांत ती बऱ्याचदा असते आणि व्यायामाचे रबरी पट्टे, काही हातमोजे लॅटेक्सचे असतात. आणि कमरेखाली संवेदना किती आहे. संवेदना नसेल तर गुडघे दुमडून बसल्यावर कातडी सोलली तरी त्याला कळणार नाही, म्हणून सरावानंतर रोज घरच्या कुणीतरी, किंवा आरसा धरून त्याने स्वतः, गुडघे, नडग्या आणि बैठक तपासायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. उन्हाचंही असंच. शरीराच्या ज्या भागात संवेदना नाही तिथे घामही नीट येत नाही, त्यामुळे मार्च ते मे या काळात पुण्यात सराव सूर्य वर यायच्या आत संपवा आणि अंगावर फवारायला पाणी जवळ ठेवा.

वर्गीकरण पुढे होईल. त्याच्या धडाच्या ताकदीवरून तो टी ५३ की टी ५४ या व्हीलचेअर रेसिंगच्या गटात बसतो हे अधिकृत वर्गीकरणकर्ते तपासून ठरवतात. तोंडी अंदाजावर कुणी काही सांगितलं तर मनावर घेऊ नका. मोठ्या मॅरेथॉनमध्ये हे दोन गट बहुधा एकत्रच धावतात, त्यामुळे रस्त्यावर फार फरक पडत नाही, ट्रॅकवर पडतो. सरावाची वही ठेवायला सांगा, आणि वेळेच्या शेजारी वारा, रस्ता ओला की कोरडा, आणि एकटा होता की कुणाच्या मागे, हेही लिहायला लावा.

एक गोष्ट राहिली. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली, हाताने पेडल मारायची, साखळी आणि गिअर असलेली गाडी म्हणजे हँडसायकल. ती लंडनच्या व्हीलचेअर शर्यतीत चालत नाही. न्यूयॉर्कला तिचा वेगळा गट आहे. कुणी देणगीत देत असेल तर जरूर घ्या, दम वाढवायला उत्तम आहे आणि खांद्यालाही जरा हलकी. पण त्या पैशात स्वतः एकच काही घ्यायचं असेल, तर थांबा आणि रेसिंग खुर्चीसाठी साठवा.